नाताळच्या चांदणीवरचं कुंकू

मी कागदाची चांदणी बोलतेय. आकाशातल्या चांदण्यांशी माझं नातं जोडू नका, त्यांना खळीचा आंबूस वास येत नाही, मला येतो. नागपूरच्या सदर भागात एका दोन खोल्यांच्या घराच्या दारावर मी टांगलेली आहे. माझ्या पाच टोकांपैकी एक मुडपलंय, झुपके विटलेत आणि पाठीमागे एका पालीने कायमचा मुक्काम ठोकलाय. पण मला किळस येते ती पालीची नव्हे. पाल निदान जशी असते तशीच दिसते. मला किळस येते माणसांची, आणि का येते ते आज सांगूनच टाकते.

माझा जन्म इतवारीत झाला, चंपतराव बाशिंगवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत. पुढच्या बाजूला दुकान होतं. तिथे नवरदेव-नवरीची बाशिंगं ओळीने टांगलेली असत आणि त्यांच्याखाली चंपतराव लोडाला टेकून पान चघळत बसत. पिकदाणी हाताशी असूनही निम्मी पिंक भिंतीवरच पडायची. 

मागच्या खोलीला एकच झरोका होता. तिथे रुख्मिणी बसायची, चंपतरावांच्या थोरल्या भावाची बायको. नवऱ्याने तिला बाशिंगाची सगळी कारागिरी शिकवली होती. पुढे तापाच्या मोठ्या साथीत तो गेला, आणि लग्नाच्या वस्तूला विधवेचा हात लागू नये असा दंडक तिच्या वाट्याला आला. चंपतरावांनी आयुष्यात कधी कैची धरली नव्हती. दुकान चालायचं कसं? त्यांनी झकास तोड काढली. दार लोटून घ्यायचं, आत वहिनीने बाशिंग करायचं आणि बाहेर आपण त्याला कुंकवाचं बोट लावायचं. बोट लागलं की बाशिंग शुद्ध!

तेरा वर्षं हे असं चाललं. गिऱ्हाईक आलं की चंपतराव आधी ओरडायचे, "वयनी, आत व्हा! शुभ कामाचे लोक येऊन राहिले." मग तिच्याच हातचं बाशिंग उंच धरून सांगायचे, "पाहा, हे माह्या हातची कारागिरी." तोंड पाहू नये म्हणून जिला आत ढकलायचं, तिच्याच बोटांवर पोट भरायचं. यापेक्षा माझ्या पाठीवरची पाल बरी.

एका मार्गशीर्षात पुष्पलताबाई दुकानात आल्या. सदरमधल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या. नेसू सुती, बोलणं मोजकं, गळ्यात बारीक क्रूस. त्यांनी चंपतरावांसमोर एक चित्र ठेवलं.

"यंदा नाताळला बाजारातलं विलायती सामान नको असं मुलींनी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "सगळं इथल्या हातचं हवं. लहान चांदण्या, कागदी साखळ्या, एकमेकींना भेट द्यायला नक्षीच्या डब्या, आणि झाडाच्या शेंड्यावर लावायला एक मोठी चांदणी. जमेल?"

"बाई, तुम्ही चिंताच करू नोका," चंपतराव म्हणाले. "माह्या हाताचं काम अख्ख्या इतवारीत कोनालेबी इचारा."

चित्र आत आलं. रुख्मिणीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. नाताळची चांदणी तिने जन्मात पाहिली नव्हती. तिला ठाऊक होतं ते बाशिंग. त्यामुळे पाच टोकांची चांदणी तिने काढली खरी, पण मधोमध बाशिंगावरचा पोपट बसवला आणि टोकांना मोत्यांचे झुपके लोंबते सोडले. बाशिंगाला झुपके नसले तर ते भुंडं दिसतं, तशी चांदणीही भुंडी दिसेल असं तिला वाटलं. जगात कुठल्याच नाताळच्या झाडावर पोपट नसेल. माझ्या पोटावर आहे.

तिचं काम पाहण्यासारखं होतं. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायची, म्हणजे कसर लागत नाही. बेगडीचा चकचकीत कागद नखाने दाबून बसवायची, एक सुरकुती राहू द्यायची नाही. कैची चालवताना कागद फिरवायची, कैची नाही. तिच्या उजव्या अनामिकेचं टोक कैचीनेच कधीतरी तिरपं उडवलं होतं.

माझ्या पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चढवण्याआधी ती थांबली. कोनाड्यातून लग्नातला कुंकवाचा करंडा काढला. तळाशी थोडं कुंकू होतं. तेच बोट त्यात बुडवून तिने माझ्या पुठ्ठ्यावर टेकवलं. बोट तिरपं, म्हणून ठिपकाही अर्धा उठला, कापलेल्या बोरासारखा. मग त्यावर कागद चढला आणि ठिपका झाकला गेला. मला वाटलं, ही बाई माझ्यावर फारच जीव लावतेय. सगळं झाल्यावर तिने पोपटाच्या डोक्यावरही उघडाच एक ठिपका दिला आणि हळूच म्हणाली, "तू काही लग्नाची नाहीस वं. तुले वरून लावलं त कोन काय म्हनते?"

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही शाळेत पोचलो. माझे झुपके तुटू नयेत म्हणून टोपली हमालाकडे न देता चंपतरावांनी टांग्यात ती रुख्मिणीच्या मांडीवर दिली, आणि शाळेत पोचल्यावर तिला व्हरांड्यात बसवून स्वतः पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर चढवलं. तिथून सगळा हॉल दिसत होता. मुली भेटीच्या डब्या उघडून हरखत होत्या. पाहुणे मात्र केकच्या तुपकट बोटांनी साखळ्या चिवडत होते. एका साहेबाने तर डबीच्या नक्षीदार झाकणाने दात कोरले! दोन दिवसांची मेहनत होती ती, मेल्या.

पाहुण्यांत मालगुजार, म्हणजे जमीनदार, मधुकरराव होते. त्यांची धाकटी मुलगी त्याच शाळेत शिकत होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने टाळ्या वाजवल्या. "अरे, हा त आमच्या थोरल्या यमूच्या बाशिंगावरचा पोपट! काय हात आहे चंपतराव तुमचा. पाच वर्षं झाले लग्नाले, बाशिंग आढ्याले जसंच्या तसं हाये."

चंपतराव फुगले. तेवढ्यात पुष्पलताबाईंनी जे केलं ते त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग मुलींना एक पोपट करून दाखवा ना! शिकतील त्या." लगेच टेबल आलं, कागद आला, कैची आली.

चंपतरावांनी कैची उचलली. कागद दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. पाचावर धारण बसली होती. एकदाचे कापून त्यांनी जे उलगडलं ते पाहून मुली फिदीफिदी हसल्या. त्याला पोपट म्हणावं तर चोच नव्हती आणि वांगं म्हणावं तर पंख होते.

"बोट दुखून राहिलं आज," चंपतराव पुटपुटले.

"मग एरवी कोण करतं?" पुष्पलताबाईंनी सहज विचारलं.

चंपतराव पुन्हा कागद दुमडू लागले. व्हरांड्याच्या दारातून आवाज आला, "द्या इकडे ते कैची."

रुख्मिणी आत आली. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. कागदाला दोन घड्या घातल्या, चार काप दिले आणि टेबलावर पोपट ठेवला. चोच, पंख, शेपटी, सगळं जिथल्या तिथे. मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. मधुकररावांचे हात मात्र अर्ध्यावरच थांबले.

"म्हंजे आमच्या यमूचं बाशिंग या पांढऱ्या कपाळाच्या बाईनं केलं?" ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून हात पुसू लागले. हात केकने माखलेला होता तेव्हा पुसला नव्हता. मघाशी हाच माणूस टाळ्या वाजवत होता. त्याला आलेली किळस पाहून मला जी किळस आली ती अजून उतरलेली नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर पुष्पलताबाईंनी मला झाडावरून उतरवून रुख्मिणीच्या हातात दिलं. "ही तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या काही झालं तर सरळ माझ्याकडे या." म्हणून पुढचं सगळं मला पाहायला मिळालं. मी मागच्या खोलीच्या दारामागे खुंटीवर होते आणि दाराची फट माझ्यासमोर होती.

सकाळी मधुकरराव दुकानात आले. आढ्यावरून उतरवलेलं बाशिंग त्यांनी मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरलं होतं. मागून इतवारीतले पाचसहा जण होते. सगळ्यांच्या घरच्या लग्नांतली बाशिंगं याच दुकानातली.

चंपतराव घाईने आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वयनी, फक्त एवढंच म्हना का तुम्ही पाहून पाहून शिकल्या, बाशिंगाले हात नाही लावला. नाही म्हनलं त आजच घर सोडा. समजलं?"

मग बाहेर जाऊन त्यांनी कानावर हात ठेवले. "देवाशपथ सांगतो, वयनीनं बाशिंगाले बोटबी लावलं नाही. तिलेच इचारा."

 ती 'हो, हात नाही लावला' म्हणाली असती तर डोक्यावर छप्पर राहिलं असतं आणि मागची खोलीही. खरं बोलली तर जायचं कुठे, एका दिवसाच्या ओळखीच्या बाईंकडे? तिचे दोन्ही भाऊ वारले होते, माहेरी कुणी उरलं नव्हतं. आणि तेरा वर्षांत जिला कुणी काही विचारलंच नव्हतं, तिला पहिल्यांदा विचारलं जात होतं ते खोटं बोलण्यासाठी.

रुख्मिणी उठली आणि दुकानात गेली. दिवसाउजेडी, गिऱ्हाईकांसमोर, तेरा वर्षांत पहिल्यांदा. मधुकररावांच्या हातातलं बाशिंग तिने घेतलं, ते 'अहो, अहो' करेपर्यंत नखाने बेगड उचकटली आणि पुठ्ठा सगळ्यांसमोर धरला. पुठ्ठ्यावर फिकट झालेला कुंकवाचा ठिपका होता. अर्धा.

तेव्हा मला उमगलं. ते लाड माझ्या एकटीचे नव्हते. तेरा वर्षं प्रत्येक बाशिंगावर बेगड चढवण्याआधी तिने आपलं कुंकू आत ठेवलं होतं.

तिने ठिपक्यावर आपली तिरपी अनामिका टेकवली. तंतोतंत बसली. "भाऊजीचं बोट अख्खं हाये," ती म्हणाली. "लावून पाहा म्हना."

चंपतरावांनी हात धोतरात लपवला.

"मालगुजारसाहेब, यमू सुखात हाये ना?"

"हाये," मधुकरराव चाचरत म्हणाले. "दोन लेकरं हायेत."

"मंग काहून भिऊन राहिले तुम्ही?" तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "तुमच्या घरचेबी उचकटून पाहा. तेच निंघन."

 सगळे आपापल्या घरी गेले आणि एकानेही आढ्यावरचं बाशिंग उतरवलं नाही. घरात सुना नांदत होत्या, नातवंडं रांगत होती, तर उगाच कशाला बघायचं! विधवेचं कुंकू चालत नव्हतं असं नाही. ते कळलेलं चालत नव्हतं. सगळ्या इतवारीत एखादा तरी माणूस तिच्या बाजूने तोंड उघडेल अशी आशा मी केली, याची मला आजही लाज वाटते.

दुपार व्हायच्या आत रुख्मिणीचं बोचकं रस्त्यावर आलं. एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात मी. पुष्पलताबाईंनी सदरमधल्या या दोन खोल्या मिळवून दिल्या आणि शाळेत मुलींना कागदकाम शिकवायला लावलं. आता दर नाताळला इथे चांदण्या होतात, साखळ्या होतात, भेटीच्या डब्या होतात. सगळ्यांवर पोपट असतो. मुलींना तर वाटतं, नाताळला पोपट लागतोच.

दोन वर्षांनी या दारात पडदा लावलेला टांगा थांबला. आतून मालगुजारांच्या पत्नी कुसुमताई उतरल्या, पदर नाकापर्यंत ओढलेला. "धाकटीचं लग्न हाये वं," त्या कुजबुजल्या. "चंपतरावाचं बाशिंग पोरीच्या डोळ्यावर घसरते. तुमच्याच हातचं पायजे. पन आमच्या घरी सांगू नोका."

"देतो ना," रुख्मिणी म्हणाली. "पन कुंकू मी लावीन. वरून. माह्या बोटानं."

कारलं चावल्यासारखं तोंड झालं कुसुमताईंचं. पण लग्न तोंडावर होतं. त्या हो म्हणाल्या.

ठरल्या दिवशी बाशिंग तयार झालं. रुख्मिणीने दारात, माझ्याच खाली उभं राहून त्याच्या मधोमध लालभडक ठिपका दिला. कुसुमताईंनी वाकून नमस्कारही केला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस सुधारलं. त्या फाटकाशी गेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि तो ठिपका पुसून टाकला. खसाखसा. नवरीच्या कपाळावर यांची थुंकी चालते, रुख्मिणीचं कुंकू चालत नाही!

रुख्मिणीनेही ते खिडकीतून पाहिलं होतं. आता ही रडणार, असं मला वाटलं. तिने कैची उचलली, पुढचा कागद दुमडला आणि वर माझ्याकडे पाहून हसली. "पुसू दे वं," ती म्हणाली. "आतमंदी हाये."

आता माझे दिवस भरत आले. येत्या नाताळला या दारावर नवी चांदणी येईल आणि मी चुलीत जाईन. त्याचं काही वाटत नाही, निदान तिथे पिंक नसेल. तुमचा निरोप घेताना एवढंच मागते. तुमच्या घरच्या आढ्याला एखादं जुनं बाशिंग असेल तर ते उतरवा आणि नखाने बेगड उचलून बघा. आत अर्धा ठिपका निघाला, तर पदराचं टोक तोंडात घालण्याआधी ते बाशिंग जिच्या कपाळावर होतं तिच्याकडे एकदा बघा. ती घरातच असेल, पोराला भरवत.