धुऱ्यावरच्या बाभळीची साल

मी दाढ बोलतेय. दर्यापूरच्या वच्छलाबाईंची, खालची, उजवीकडची. मला उपटण्याआधी सुई देऊन बधिर केलं होतं. तो बधिरपणा अजून उतरलेला नाही, त्यामुळे सांगताना माझा आवाज चढायचा नाही.

पन्नास-साठ वर्षं मी ज्वारीची भाकर चावली. रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीचं दातण माझ्यावर फिरायचं. शेवटी हिरडीनंच सोडलं, काय करणार!

वच्छलाबाईंची नात प्रणाली अमरावतीला संशोधन करते. तिनं मला नेलं, वाफेनं निर्जंतुक केलं आणि माझ्यावर तोंडातले जंतू मुद्दाम वाढवले. ते एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर करतात, साध्या चुळीनं जात नाही असा. बाभळीच्या सालीच्या अर्कानं तो जातो का, हे तिला पाहायचं होतं. साल घरच्याच धुऱ्यावरची.

थर गेला की हो! तीनदा केलं, तीनदा गेला. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. दोन वर्षांच्या कामाचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

तेवढ्यात साल संपली. एक शेवटची चाचणी म्हणून प्रणालीनं मोझरीच्या रस्त्यावरच्या बाभळीची साल आणली. माप तेच, पण थर ढिम्म हलेना. तिनं आजीला फोन लावला.

"आजी, आपल्या बाभयीवर काही फवारलं होतं काय?"

"बाभयीवर कोन फवारते व? कपाशीवर मारलं. पानावर काये डाग पडले होते, तं तुया बापानं जंतूचं औषध मारलं. मंग पंप बाभयीले टांगते अन् तिथंच धुते. सावली हाय न."

प्रणालीनं फोन ठेवला. जंतू सालीनं नाही, सालीत मुरलेल्या त्या औषधानं मेले होते.

"मोझरीचं कशाला लिहिता? आहे तेवढं द्या," सर म्हणाले. तिनं मोझरीचंही लिहिलं. त्यामुळे सोमवारी प्रबंध गेला नाही. ती रडलीही नाही. सुई न टोचताही माणूस बधिर होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढच्या रविवारी आजीचा फोन आला. "माया दाढेनं काम केलं का व?"

"केलं, आजी," म्हणून तिनं ठेवून दिला.

आता मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे, उद्या जाळतील. माझं सोड, प्रणाली. पण आजीला परत फोन लाव गं. ती अजून रोज सकाळी त्याच बाभळीचं दातण चावते.