टाचांची मोजणी

दिवसभर लाँड्रीत उभं राहून इस्त्री करायची, घरी येऊन सासूबाईंचं करायचं, आणि वर ही बया म्हणते, व्यायाम करा! बया म्हणजे दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. पाळी जाऊन सहा वर्षं झाली माझी. तपासणीत निघालं, हाडं ठिसूळ होताहेत.

"वजन उचलता का काही?" तिनं विचारलं.

"सासूबाई. बेचाळीस किलो. रोज सकाळ-संध्याकाळ," मी ठसक्यात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पलंगावरच. मला वाटलं, पोरगी शाबासकी देईल. ती म्हणाली, कसं उचलता ते दाखवा. मी कमरेत वाकून दाखवलं. तिचा चेहराच उतरला.

"काकू, असं वाकून एक दिवस मणका पिचेल. मग तुम्हाला कोण उचलणार?"

नवरा गेलेला, लेक परगावी. काय सांगणार, कपाळ!

पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचलायचं, हे तिनं शिकवलं. शिवाय काहीतरी घट्ट धरून टाचा उचलायच्या नि टेकवायच्या, रोज वीस वेळा. मी सासूबाईंच्या पलंगाचा कठडा धरून तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी अंगात त्राणच उरलं नाही.

"टाचा केल्यास का गं?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"केल्या की."

"थापा मारू नकोस. पलंग हलला नाही."

घ्या! पडल्या जागेवरून पहारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, कामाला उशीर होत होता, नुसता वैताग. चौदाला त्यांचा आवाज बारीक झाला.

"मोठ्यानं मोजा हो आई," मी खेकसलेच.

पंधरा. सोळा. वीसपर्यंत त्यांनी नेलं. मग मी गुडघ्यांत वाकून त्यांच्या पाठीखाली हात घातला, तर चादर ओलीचिंब.

"अहो आई! लागली होती तर थांबवलं का नाही मला?" मला स्वतःचीच लाज वाटली, रडू आलं.

"तुझे सहा राहिले होते," त्या म्हणाल्या. "आणि तूच पडलीस तर मी हाक कुणाला मारू?"