बासष्टावी पिशवी

मित्रांनो, माझे पोट रबराचे आणि गळा पितळेचा. कोणी पोट दाबले की मी ओरडतो, नाहीतर गप्प असतो. पदेराच्या, म्हणजे घरोघरी पाव नेऊन देणाऱ्याच्या, सायकलचा मी जुना भोंगा आहे. गळ्यावर दोन पोचे आहेत आणि रबराला भेग पडली आहे. तुम्ही नव्या गोष्टींवर प्रेम करणारे, तरी माझे थोडे ऐका.

माझा जन्म बेळगावच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी म्हापशाच्या बाजारात आलो आणि पेडणे तालुक्यातल्या मिंगेल पदेराने मला विकत घेतले. महामार्गापासून थोडे आत, झरीच्या वाड्यावर त्याची बेकरी होती. डोंगराच्या पायथ्याशी एक झर आहे आणि वाड्यातली बासष्ट घरे तिचेच पाणी पितात, म्हणून वाड्याला हे नाव. मिंगेल उजाडताच सायकलवर मोठी टोपली बांधायचा, तिच्यावर निळे प्लास्टिक ओढायचा आणि प्रत्येक फाटकापाशी मला दोनदा दाबायचा. पोंक, पोंक! लगेच दारे उघडायची. ज्यांना घाई असे ते फाटकाला पिशवी टांगून ठेवत आणि आत चिठ्ठी असे, 'चार पोळ्या', म्हणजे कोंड्याचे चपटे पाव, किंवा 'आज सहा पाव, पाहुणे आलेत'. सगळा वाडा माझ्या आवाजाने चहा ठेवायचा. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार चढून गेलो होतो.

मिंगेलकडे परशुराम नावाचा कामगार होता. तो माझ्याच बाजूचा, बेळगाव जिल्ह्यातला. मिंगेलचे गुडघे थकले तेव्हा त्याने बेकरी, सायकल आणि मी, सगळे परशुरामच्या हवाली केले आणि एकच गोष्ट सांगितली.

"घर वगळूंक जायना रे. कोणाचें कोणाकडे पटना, तें आमकां कित्याक? पाव सगळ्यांक लागता."

परशुरामने ते वाक्य गाठीला बांधले. तो हिशोबाने नव्हे, हाताच्या सवयीने पाव वाटायचा. फाटक आले की डावा हात माझ्यावर आणि उजवा हात टोपलीत.

मग तुमचे मोबाईल आले. वाड्यातली सायली पेडण्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. हुशार, हसरी, जरा हट्टी मुलगी. तिने समाजमाध्यमावर वाड्याचे एक पान काढले. वीज कधी जाणार, कोणाचे वासरू हरवले, पाव किती वाजता येणार, सगळे त्या पानावर. लोक तिथेच पाव मागवू लागले. परशुरामने मोटरसायकल घेतली आणि मला बेकरीतल्या खिळ्याला टांगले. तीन वर्षे मी धूर आणि पीठ खात लटकलो. राग आला होता का? आला होता. पण गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे.

यंदा झरीच्या वरचा डोंगर कापायला सुरुवात झाली. यंत्रे आली, मातीने भरलेले टिपर खाली उतरू लागले आणि थोड्याच दिवसांत झरीचे पाणी तांबडे झाले. सायलीने त्या पाण्याने भरलेल्या कळशीचा व्हिडिओ पानावर टाकला. वाईट शब्द एकही नव्हता, नुसती कळशी आणि पाणी. तो दूरदूर पोचला. पाचव्या दिवशी पान उघडले की एकच ओळ दिसू लागली, सरकारी आदेशामुळे हे पान इथे दाखवता येत नाही. कोणत्या आदेशामुळे, कोणाच्या तक्रारीमुळे, ते कुठेच लिहिले नव्हते. सायलीला पोलिसांनी चौकशीला बोलावले आणि दोन तास बसवून घरी पाठवले.

त्यानंतर वाडा कसा वागला ते सांगतो. कोणी जुन्या पोस्ट पुसून टाकल्या. कोणी फक्त फुलांची चित्रे आणि शुभ सकाळ पाठवू लागले. कालपर्यंत तावातावाने लिहिणारे बेकरीवर आले की हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि पाणी म्हणताना आवाज बारीक करत. एकटे म्हातारे सदाशिव मोठ्याने बोलले. "पान बंद केल्यानी म्हणान झर नितळ झाली काय?" सगळे हसले आणि पटापट आपापल्या वाटेने गेले.

पान गेले तशी पावाची वेळही कोणाला कळेना. पहिल्याच दिवशी अर्धी टोपली परत आली. परशुरामने वर बघितले, मला खिळ्यावरून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि जुन्या सायकलला बांधले. पहिला पोंक फाटका निघाला, पण दारे उघडली! मित्रांनो, मला रबराचे पोट आहे, काळीज नाही, तरी त्या सकाळी ते भरून आले. फाटकांवर पुन्हा पिशव्या लागल्या, पिशव्यांत पुन्हा चिठ्ठ्या आल्या.

त्याच आठवड्यात पंचायतीच्या फलकावर एक कागद लागला. डोंगर कापण्याचा परवाना वाढवण्यासाठी रविवारी ग्रामसभा होती. फलक कपाटाच्या आडोशाला. पान असते तर घटकेत सगळ्यांना कळले असते. आता दहापाच माणसे जमली असती, हात वर झाले असते आणि झर कायमची गेली असती. सायली गुरुवारी संध्याकाळी बेकरीवर आली.

"परशुरामदादा, एक काम करशात? पावाबरोबर माझी चिठ्ठी पिशव्यांत घालशात?"

चिठ्ठीत एवढेच होते, 'रविवारी दहा वाजता ग्रामसभा. विषय डोंगराचा परवाना. घरातल्या पाण्याची एक बाटली भरून आणा.'

परशुराम पीठ झटकत राहिला. "मी बाहेरगावचा माणूस, ताई. बेकरीची जागा पांडुरंगबाबांची."

त्याची भीती खोटी नव्हती. डोंगराची माती नेणारे टिपर पांडुरंगबाबांचेच होते, आणि पानाची तक्रार त्यांनीच केली अशी वाड्यात कुजबुज होती. त्यांनी मनात आणले असते तर परशुरामला भट्टी विझवून गावी जावे लागले असते.

"त्यांच्या पिशवेत घालू नकात," सायली म्हणाली. "बाकी एकसष्ट घरा."

परशुरामने हात पुसून चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "ह्या झरीच्या पाण्यानंच मी पीठ मळतो की. द्या इकडं."

एका कागदावर आठ चिठ्ठ्या बसत होत्या, म्हणून आठ कागद कापून चौसष्ट निघाल्या होत्या. शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. पोंक पोंक, पाव, चिठ्ठी. पोंक पोंक, पाव, चिठ्ठी. शेवटचे, बासष्टावे घर पांडुरंगबाबांचे. डावा हात माझ्यावर, उजवा टोपलीत, चार पोळ्या पिशवीत आणि त्यांच्यावर चिठ्ठी! पन्नास पावले पुढे गेल्यावर परशुरामने करकचून ब्रेक दाबला. मागे वळून बघतो तर फाटकावर पिशवी नव्हती, कोणीतरी ती आत नेली होती.

ते दोन दिवस परशुराम त्या फाटकाशी पाव ठेवून घाईने पुढे सटकायचा.  मिंगेलने लावलेल्या सवयीला त्याने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील!

रविवारी त्याने मला पंचायतीच्या खिडकीला टेकवले, म्हणून मला सगळे दिसले. खोली भरली, व्हरांडा भरला. प्रत्येकाच्या हातात तांबड्या पाण्याची बाटली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी मोबाईल वर केला नाही. बाटल्या नुसत्या टेबलावर ठेवल्या जात होत्या, टेबल भरले तेव्हा जमिनीवर. तेवढ्यात दारात पांडुरंगबाबांची बायको उभी राहिली, सुलोचना. तिच्या हातातही बाटली होती. लोकांनी तिला वाट करून दिली.

"ह्या पाण्यात डाळ शिजवून दाखवा कोणी," ती म्हणाली. "माती आमच्याच टिपरांनी नेल्यानी, माका ठावूक आसा. पण आमच्या घरातय हाच पाणी येता."

तिने बाटली टेबलाच्या अगदी मध्यभागी ठेवली. त्यानंतर परवान्यासाठी हात वर करायला कोणी धजले नाही. पाण्याची तपासणी होईपर्यंत काम थांबवावे, असा ठराव झाला.

सोमवारी बासष्टाव्या फाटकावर पिशवी नव्हती. तिथे स्वतः पांडुरंगबाब उभे होते. परशुरामने सायकल थांबवली.

"चिठ्ठी तू घातलंस?"

"व्हय, बाबा. हाताची सवय. घर वगळत न्हाई."

पांडुरंगबाबांनी फाटक उघडले. "सगळ्या वाड्यान माका सोडून सांगला. तू तेवढो माझ्या दारार इलंस." मग त्यांनी हात पुढे केला. "चार पोळ्यो दी."

आमची भट्टी अजून पेटती आहे. सायलीचे पान मात्र अजून बंदच आहे. ती अर्जांवर अर्ज करते, उत्तर येत नाही. झरीचे पाणी थोडे निवळले आहे, पूर्वीसारखे नाही. माझ्या रबराची भेग वाढत चालली आहे आणि परशुराम नवे रबर शोधतो आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. म्हाताऱ्याला दुसरे काय सुचणार? पण आणखी एक मागणे आहे. एखाद्या सकाळी माझा पोंक ऐकू आला नाही, तर आज पाव नाहीत असे म्हणून कूस बदलू नका. फाटकापर्यंत या आणि आवाज का थांबला ते विचारा.