पहिलवानाचा श्वास

घर श्वास घेतं, हा शोध आठ वर्षांच्या जाईचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर कॅनडातल्या विंडसरला पहिली बोचरी थंडी पडली, तळघरातली फर्नेस सुरू झाली, आणि शाळेतून येताना जाई घराच्या बाजूच्या भिंतीपाशी थबकली. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे पाइप भिंतीतून बाहेर आले होते. एकातून वाफ फुसफुसत होती.

"आत्या, लुक! द हाउस इज ब्रीदिंग!"

ऊर्मीने तिला सगळं नीट समजावलं. एक पाइप बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेवर गॅस जळतो आणि घर गरम होतं. जळून उरतं ते दुसऱ्या पाइपातून बाहेर. समजावून सांगायला ऊर्मीला आवडायचं. रसायनशास्त्रात मास्टर्स करायला ती दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून आली होती. आता एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची आणि चुलतभावाच्या, म्हणजे जाईच्या बाबांच्या, शरदचंद्रच्या, तळघरात राहायची. शरदची आई, मंदाकिनीकाकू, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्यापासून जाईची वरची खोली त्यांना गेली होती. त्यामुळे जाईचा पलंगही खाली, ऊर्मीच्या खोलीत, खिडकीशी लागून होता.

श्वास घेणाऱ्या घराची गोष्ट शरदने ऐकली आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं.

"यंदा हॅलोविनला संजयला गार करतो," तो म्हणाला.

संजय म्हणजे शेजारी. तीन वर्षांपूर्वी टोरंटोजवळच्या रिचमंड हिलहून इथे आला आणि आल्या आल्या दारावर टोरंटोच्या हॉकी संघाचा, लीफ्सचा, निळा झेंडा लावून बसला. विंडसरमध्ये! नदीच्या पलीकडच्या काठावर डेट्रॉइट आहे, आणि या गावातल्या कितीतरी माणसांची हॉकीवरची माया नदी ओलांडून रेड विंग्जकडेच जाते. शरदने सोळा वर्षं इथल्या गाड्यांच्या कारखान्यात काढली होती. त्याच्या लेखी तो झेंडा म्हणजे आपल्याच वाड्यात पाटलाच्या खुर्चीवर बसलेला पाहुणा होता.

"शरदराव, लाल रंगाने डोळ्यांना त्रास होतो हो," संजय कुंपणावरून म्हणायचा.

"तुमच्या निळ्यांनी कप उचलला तेव्हा आमच्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

"पण मागच्या हॅलोविनला सजावटीत गल्लीत पहिला नंबर कुणाचा आला?"

ते मात्र खरं होतं, आणि तेच शरदला सलत होतं.

त्याने दोन संध्याकाळी खपून त्या पाइपांपुढे सात फुटी गोलकीपर उभा केला. लाकडाचा सांगाडा, अंगात कारखान्यातल्या त्याच्या लाइनवरच्या सगळ्यांनी सह्या केलेली लाल जर्सी, तोंडावर गोलकीपरचा मुखवटा. नाव ठेवलं पहिलवान. खुबी आत होती. कपडे वाळवायच्या मशीनला लावतात तसला चंदेरी नळ त्याने वाफेच्या पाइपावर चढवला आणि जर्सीच्या आतून थेट मुखवट्याच्या तोंडापर्यंत नेला.

"बोला मॅडम, केमिस्ट्री काय म्हणते? चालेल ना?"

ऊर्मीने नळाखाली हात धरून पाहिला. "दिसते ती नुसती पाण्याची वाफ. बाकी नायट्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड. मोकळ्या हवेत जातंय ना? मग काही नाही."

तळघरात फर्नेस घुरघुरली. पाच-सात सेकंदांनी पहिलवानाच्या जबड्यातून पांढरा लोट निघाला. जाई किंचाळली आणि टाळ्या पिटत अंगणभर धावली. त्या आठवड्यात गल्लीतली सगळी पोरं पहिलवानाचा श्वास बघून गेली. संजयही आला, हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "निळ्या जर्सीत आणखी शोभला असता."

हॅलोविनच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी पाऊस लागला. थंड, बारीक, न थांबणारा. सह्या पुसल्या जातील म्हणून शरदने रंगकामाचं पारदर्शक प्लास्टिक पहिलवानाला गुंडाळलं, कडा भिंतीला टेपने चिकटवल्या आणि तोंडाशी तेवढं भोक ठेवलं. खालचा घोळ जमिनीपर्यंत आला. त्याच्या आड तळघराची खिडकी गेली.

त्याच आठवड्यात घरात चकल्यांचा कारखाना सुरू होता. विंडसरच्या मराठी मंडळाची दिवाळी पंचांग बघून येत नाही, हॉल मिळेल तेव्हा येते. यंदा हॉल मिळाला एक नोव्हेंबरचा, हॅलोविनच्या दुसऱ्या दिवसाचा, आणि दीडशे माणसांच्या चकल्या शरदच्या बायकोने, देवयानीवहिनींनी, अंगावर घेतल्या. शेगडीवरचा एक्झॉस्ट फॅन सकाळ-संध्याकाळ फुल स्पीडवर. स्वयंपाकघराबाहेर छताला अलार्म होता, धूर आणि विषारी वायू दोन्हींची खबर देणारा. घरात तो एकच, आणि मोहरी तडतडली की बोंब ठोकायचा. म्हणून वहिनी त्याला हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घालायच्या. एरवी फोडणी आटोपली की काढायच्या. या आठवड्यात काढायची म्हटली तरी कधी काढणार?

तळणीचा वास तळघरातही उतरला. तेव्हा ऊर्मीने पलंगाजवळची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली.

बुधवारी सकाळी जाई डोकं धरून उठली. शाळेतून आली ती बरी होऊन. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच, आणि दूध पोटात ठरलं नाही. पुन्हा दुपारी ठणठणीत.

"कँडी खाऊन खाऊन," वहिनी म्हणाल्या. "शाळेत रोज वाटतात."

"दृष्ट लागून राहिली पोरीला," मंदाकिनीकाकू म्हणाल्या. "हाडाच्या सापळ्याचे कपडे घालून गावभर मिरवणार म्हणते. काहून बरं राहील ते लेकरू?"

गुरुवारी संध्याकाळी काकूंनी मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या जाईवरून उतरवल्या आणि शेगडीच्या जाळावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. काकूंनी हात जोडले.

"पाहा! मिरच्या जळल्या आन् कोणी खोकलंसुद्धा नाही. केवढी दृष्ट होती!"

ऊर्मीला हसू आलं. ठसका लागणार कसा, फॅन सगळं बाहेर ओढतोय की! आपल्या तर्कावर ती मनातल्या मनात खूश झाली. पण जेवढी हवा घराबाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. हा पुढचा प्रश्न तिला त्या संध्याकाळी पडला नाही. तिचं स्वतःचं डोकंही दोन दिवस सकाळी ठणकत होतं. पर्मनंट रेसिडेन्सीचे कागद अडकले होते, झोप नीट होत नव्हती, त्याचंच असेल. लॅबमध्ये पोचलं की उतरायचं.

शुक्रवारी, हॅलोविनला, ती साडेपाचला घरी आली. पाऊस थांबला होता. गल्लीत भोपळ्यांचे दिवे लागले होते.

"जाई कुठंय?"

"खाली झोपलीय," वहिनी सोऱ्या दाबत म्हणाल्या. "शाळेतून उड्या मारत आली, सापळ्याचा ड्रेस चढवला, आणि चारला म्हणाली डोकं दुखतंय. ताप नाहीये. सहाला उठवू. तू जरा दारात बस ना, कँडीचा बाउल घेऊन? माझे हात पिठाचे. आणि तुझा दादा संजयच्या अंगणात भांडायला गेलाय."

ऊर्मी दारात बसली. चेटकिणी आल्या, डायनासोर आले, दोन भोपळे आले. मग अंतराळवीराच्या वेशातली एक चिमुरडी बाजूच्या भिंतीकडे वाकून बघत म्हणाली, "मिस, युअर गोलकीपर इज डेड."

"व्हॉट?"

"ही इजन्ट ब्रीदिंग."

ऊर्मी हसली. मुलीच्या बादलीत दोन चॉकलेटं टाकली, आणि मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. बाहेर चार अंश तापमान होतं. फर्नेस चालू असणार. किंबहुना तिची घुरघुर इथवर ऐकू येत होती.

ती उठून भिंतीकडे गेली.

पहिलवानाच्या तोंडातून काही निघत नव्हतं. प्लास्टिक आतून पांढरं धुरकटलं होतं, त्यावरून पाण्याचे ओघळ चालले होते. ओली जर्सी सांगाड्याला चिकटली होती. आतला चंदेरी नळ पाइपावरून निसटून खाली लोंबत होता. म्हणजे वाफ निघत होती, पण आतल्या आतच. आणि ते प्लास्टिक हलत होतं. वाऱ्याने नव्हे, वारा नव्हताच. गुडघ्यापाशी ते हळूहळू भिंतीकडे ओढलं जात होतं. तिथे दुसरा पाइप होता. आत घेणारा.

तो आपलाच श्वास पुन्हा आत घेत होता.

ऑक्सिजन संपलेली हवा पुन्हा ज्वालेवर. अर्धवट ज्वलन. पाठ्यपुस्तकातलं समीकरण तिला जसंच्या तसं दिसलं, आणि त्याच्या उजव्या बाजूचा तो वायू, कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही. प्लास्टिकच्या घोळाआड तळघराची खिडकी होती, दोन बोटं उघडी. वर स्वयंपाकघरात फॅन फुल स्पीडवर हवा बाहेर फेकत होता, आणि घर ती भरून काढत होतं या फटीतून. फटीच्या आत हातभर अंतरावर जाईची उशी.

मोकळ्या हवेत जातंय ना? मग काही नाही.

कँडीचा बाउल तिच्या हातून कधी पडला ते तिला कळलं नाही.

"वहिनी, गॅस बंद करा! काकूंना घेऊन बाहेर व्हा! आत्ता!"

"अगं, घाणा कढईत आहे—"

"सोडा तो! बाहेर!"

तळघराच्या बारा पायऱ्या तिने एका श्वासात उतरल्या आणि तोच श्वास छातीत धरून ठेवला. खोलीत दिवा चालू होता, खिडकीची काच धुक्यासारखी पांढरी. जाई कुशीवर पडली होती. काळ्या कपड्यांवर रंगवलेल्या फासळ्या, उशीवर उलटीचा डाग. ऊर्मीने तिला हलवलं. मान पलीकडे लवंडली, तशीच राहिली. हात खाली घालून तिने जाईला उचललं. आठ वर्षांचं मूल एवढं जड असतं हे तिला माहीत नव्हतं. सातव्या पायरीवर तिला श्वास घ्यावाच लागला. नवव्या पायरीवर तिने खांदा भिंतीला टेकवला. वहिनींनी वरून हात दिला, पिठाचा, आणि तिघी अंगणात आल्या.

अंगणात पंचवीस-तीस माणसं होती. पहिलवान बघायला आलेले आईबाप, पोरं, हातात फोन. त्यांना दिसलं ते असं की दार धाडकन उघडलं आणि एक बाई लोंबकळता सापळा हातांवर घेऊन धावत बाहेर आली.

टाळ्या पडल्या.

कुणीतरी शिट्टी मारली. संजय कुंपणापलीकडून ओरडला, "वा शरदराव! हरलो बुवा! यंदा तुम्हीच!" आणि शरद हसला. क्षणभर तोही हसला, कारण त्यालाही वाटलं, पोरींनी आपल्याला न सांगता काहीतरी बसवलंय.

"दादा," ऊर्मी म्हणाली. "दादा, ती उठत नाहीये."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या रांगेत त्या थोडा वेळ चालूच राहिल्या. फोन पहिला लावला तो संजयने. शरद धावला, पण जाईकडे नाही. काय करावं ते न कळून तो पहिलवानाकडे धावला आणि दोन्ही हातांनी प्लास्टिक फाडू लागला. टेप तुटली तसा आत कोंडलेला सगळा लोट एकदम बाहेर आला, अंगणावर पसरला, आणि पुढे उभी असलेली पोरं किंचाळत मागे सरली. पहिलवान रिकामा झाला. जर्सीवरच्या सह्यांचे निळे ओघळ झाले होते.

अग्निशमन दलाचे लोक मीटर घेऊन तळघरात गेले आणि आत पाऊल टाकताच मास्क ओढते झाले. त्यांच्यातल्या एकाने फर्नेस बंद केली. दुसऱ्याने स्वयंपाकघराबाहेर मान वर करून पाहिलं आणि छताची शॉवर कॅप काढली. थोड्या वेळाने अलार्म वाजू लागला. चार ठोके, विराम, चार ठोके. वहिनी अंगणात बसल्या होत्या, जाईचं डोकं मांडीवर. तो आवाज ऐकताच त्यांचा पिठाचा हात आपोआप वर गेला, काहीतरी झाकायला.

"तळघरात कोण राहतं?" अधिकाऱ्याने विचारलं. "डोकेदुखी किती दिवस?"

"बुधवारपासून," ऊर्मी म्हणाली. "बुधवारी सकाळी सात. दुपारी नाही. गुरुवारी सकाळी, एक उलटी. दुपारी नाही. आज चारपासून." तिला सगळं पाठ होतं. निरीक्षणं एकूण एक जाग्यावर होती.

काकू कुंपण धरून उभ्या होत्या. दृष्टीचं नाव त्यांनी त्यानंतर कधीच काढलं नाही.

अँब्युलन्समध्ये वहिनींच्या शेजारी ऊर्मीलाही बसवलं. तिच्याही तोंडावर मास्क. समोर स्ट्रेचरवर जाई, फासळ्यांवर चादर, चेहऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा छोटा मुखवटा. मेडिक आकडे बोलत होता, दुसऱ्या हॉस्पिटलचं, दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या खोलीचं काहीतरी सांगत होता. किती वेळ आत होती त्यावर आहे, म्हणाला. आत्ता सांगता येत नाही.

"ऊर्मी," वहिनी मास्कमधून म्हणाल्या, "तू शिकलेली ना? सांग मला."

दीड तास, ऊर्मी मनात म्हणत होती. चारपासून साडेपाचच्या पुढे. त्याच्यावर आणखी किती मिनिटं?

जाईच्या मुखवट्याच्या आत, तोंडापाशी, एक धुक्याचा ठिपका उमटला. विरला. बराच वेळ तिथे काहीच नव्हतं. मग पुन्हा उमटला.

ऊर्मी पुढे वाकली आणि मोजू लागली.