शिरसाठ सरांनी न पाहिलेली पूजा

शिरसाठ सर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते पिठल्याच्या वासाने. कलकत्त्यातल्या मौलालीच्या त्या बिऱ्हाडात येऊन आम्हाला आठवडासुद्धा झाला नव्हता. माझ्या नवऱ्याची, माधवची, बँकेतून तिकडे बदली झालेली, वृंदा पाळण्यात, आणि मला बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं. दारात एक उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहिला. गळ्यात शिटी.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण आत्ता बेसनाला लसणाची फोडणी तुम्हीच दिली ना?"

मनोहर शिरसाठ, मूळचे नगरचे, ख्रिश्चन. आमच्या खालच्याच खोलीत एकटे राहायचे. पलीकडच्या मिशन शाळेत दुसरं महायुद्ध संपल्यापासून फुटबॉल शिकवत होते. त्या दिवसानंतर दर रविवारी चर्चमधून ते थेट आमच्याकडे वर येऊ लागले. वृंदाला मांडीवर घेऊन, तिच्या तळपायाला बोट लावत ते जुन्या पोरांच्या गोष्टी सांगायचे आणि मी कणीक मळता मळता प्रश्न विचारायची. मला त्यांचं फार कुतूहल वाटायचं. एवढी वर्षं एकाच मैदानावर उभं राहून माणसाला काय दिसत असेल?

"सर, तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू कोण?"

"तो? तो आता दातांचा डॉक्टर आहे. खेळ त्याला फार सोपा जायचा, म्हणून सोडला."

"आणि सगळ्यात वाईट?"

"तो रेल्वेकडून खेळतो."

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये एका रविवारी मात्र ते गप्प गप्प होते. एप्रिलअखेर निवृत्त व्हायचं होतं. ताटातलं पिठलं गार होत चाललेलं.

"सगळं झालं, पोरी," ते म्हणाले. "एकच राहिलं."

मला वाटलं, एखादा कप जिंकायचा राहिला असेल.

"एक पूजा बघायची राहिली."

मी लाटणं खाली ठेवलं.

बंगाली नववर्षाला, पोइला बैशाखला, कलकत्त्यातले फुटबॉल क्लब सकाळी सकाळी गोलपोस्टची पूजा करतात, हे मला तेव्हा कळलं. खांबांना शेंदूर लावायचा, वरच्या आडव्या बारला हार घालायचा, नारळ फोडायचा, की वर्षभर गोल होतात, निदान आपल्यावर होत नाहीत. क्लबांचं ठीक, पण मिशन शाळेत हे कसं चालावं? तरी शाळेची पोरं ते करायचीच. उजाडताना मागची भिंत चढून यायची. सर नवीन असताना हे तेव्हाच्या प्रिन्सिपॉलांच्या, कॅमरन साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"मी म्हणालो, साहेब, माझ्या डोळ्यांनी पाहिलं तर जागच्या जागी थांबवीन. शब्द दिला."

"मग?"

"मग काय. पाहिलंच नाही कधी."

दर पोइला बैशाखला सर पहाटे उठून सियालदहच्या घाऊक बाजारात जायचे आणि शाळेची घंटा होईपर्यंत भोपळे बघत हिंडायचे. भाजीवाले त्यांना ओळखायला लागले होते. हा सद्गृहस्थ वर्षातून एकदा येतो, प्रत्येक भोपळा टिचकी मारून बघतो आणि घेत काहीच नाही. शाळेत परतल्यावर खांबांवर लाल डाग दिसले तर माळ्याला सांगायचे, "गंज चढलाय, पूस."

"तीन वर्षांमागं नक्षलवाद्यांपायी शहर पेटलं होतं ना," सर म्हणाले, "तेव्हा पोरं पहाटेची घराबाहेर पडतच नव्हती. मी बाजारातून आलो, तर खांब कोरे. कुणी मेल्यासारखं वाटलं बघ. आणि त्या साली माझ्या टीममधली दोन पोरं घर सोडून त्यांच्यात गेलीच. एक पुढं परत आला." वृंदाने त्यांची शिटी तोंडात घातली, ती त्यांनी हळूच काढून घेतली. "तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ही पोरं तिथं करतात तरी काय? म्हणतात काय? भटजी आणतात का? पोरांचं सगळं मला ठाऊक आहे. कोण कशाला भितो, कुणाची आई आजारी आहे. एवढंच ठाऊक नाही."

"मग या वर्षी जाऊन बघा की."

"पाहिलं तर थांबवावं लागेल. शब्द आहे."

"मग पुढच्या वर्षी. निवृत्त झाल्यावर कसला शब्द?"

"माझ्या जागी जो येतोय ना, तो तरुण आहे, शिकलेला आहे. त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय, भिंतीवर काचा लावणार म्हणून. हे शेवटचं वर्ष." मग ते जरा पुढे झुकले. "तू चल माझ्याबरोबर. तू बघ आणि मला सांग. मी भिंतीकडं तोंड करून नुसता ऐकीन. शब्द पाहण्याचा दिलाय."

"सर, ही वकिली झाली."

"झाली खरी," ते म्हणाले आणि त्यांनी पिठलं पुन्हा वाढून घेतलं.

माधवला सांगितलं तेव्हा तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे एका ख्रिश्चन माणसाला घेऊन मिशन शाळेत चोरून पूजा बघायला जाणार तू?"

"हो."

"आणि वृंदा?"

"तिलाही नेणार."

"टोपडं घाल तिला. पहाटे गार असतं."

पोइला बैशाखला आम्ही निघालो तेव्हा रस्ते नुकतेच धुतलेले होते. शाळेच्या मागच्या बाजूला खेळाचं सामान ठेवायची खोली होती, तिच्या आडोशाला सर मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. मी वृंदाला कडेवर घेऊन कोपऱ्यावरून डोकावले. मुलं आधीच आली होती. सरांच्या खोलीवर नेहमी येणाऱ्या गोलकीपर तपनने वडिलांचं धोतर नेसलं होतं, पण आत खेळायची चड्डी घातलेली दिसत होती.

"भटजी आहे?" सरांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. तपनच आहे. खांबांना शेंदूर लावतोय. बाकीची हात जोडून उभी आहेत."

"सगळी?"

"सगळी. तुमच्या चर्चमधला तो चष्मेवालापण."

 सरांचे कान मागे वळल्यासारखे वाटत होते. तेवढ्यात तपनने डोळे मिटले आणि देवळातल्या पुजाऱ्यासारखा लांबलचक सूर लावला. मला वाटलं, आता संस्कृत काहीतरी येणार. 

"कंबर बघ त्याचीऽ, पायाकडं काय बघतोऽस."

"नमो नमः," बाकीची म्हणाली.

"पास देऊन उभा का राहतोऽस, लग्नाला आलायस काऽय."

"नमो नमः."

"कोण मराठी बोलतंय?" सरांचा आवाज एकदम बदलला.

"तपन."

"त्याला कुठलं मराठी?"  तपन एकामागून एक ओळी म्हणत होता. म्हशी होत्या, रताळी होती, एका ओळीत नगरच्या वेशीचाही उल्लेख होता.

"मी आलो तेव्हा मला ना हिंदी येत होती, ना बंगाली," सर भिंतीशी बोलल्यासारखे बोलले. "राग आला की मराठीच यायचं तोंडातून. पोरं टकामका बघायची. मग शिकलो त्यांची भाषा आणि हे सुटलं. या पोरांचा तेव्हा जन्मही नव्हता, पोरी. यांनी माझ्या तोंडून मराठीचा शब्द ऐकलेला नाही."

म्हणजे सरांचं ते रागावणं मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या धाकट्यांना. अर्थ कुणालाच माहीत नाही, पण कुणी एक ओळ टाकली नव्हती. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं होतं. वृंदाने हात लांब करून त्यांची कॉलर धरली.

"आता काय चाललंय?" त्यांनी तसंच विचारलं.

"हार घालतायत. तपन बारला लोंबकळलाय. चढला वर. बसला बघा बारवर."

हे मी सांगायला नको होतं. बारला लोंबकळणारा पोरगा सरांनी उभ्या आयुष्यात खपवून घेतला नव्हता. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली आणि मैदानावर आवाज घुमला.

"आरं ए! उतर खाली! बार म्हंजी काय तुझ्या आज्याचा झोपाळा हाय का?"

सगळी मुलं गर्रकन वळली. कुणी हललं नाही. सगळ्यात धाकट्याने तेवढे सवयीने हात जोडले आणि म्हणाला, "नमो नमः."

तपन धोतर सावरत खाली उतरला. सर गोलपोस्टसमोर उभे होते. शेंदूर, रजनीगंधाचा हार, पितळेच्या ताटातला नारळ, सगळं त्यांनी एकेक करून पाहिलं. लहान मूल नवीन घर बघतं तसं. मग म्हणाले, हिंदीत, "मी कॅमरन साहेबांना शब्द दिला होता. मी पाहिलं तर थांबवीन."

"माहीत आहे, सर," तपन म्हणाला. "म्हणून तर तुम्ही यायचा नाहीत." त्याने मुलांकडे पाहिलं. एकाने ताट उचललं, दुसरा हाराची गाठ सोडू लागला. कुणी वाद घातला नाही, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. सरांनी शिकवलेली शिस्तच ती.

मला वाटलं, आता सर एखादी वकिली पळवाट काढतील. मी वाटच पाहत होते. पण ते नुसते उभे राहिले. हार अर्धा सुटून लोंबायला लागला.

"राहू दे तो," ते म्हणाले.

"पण सर, शब्द..."

"मोडला. संध्याकाळी साहेबांच्या कबरीवर जाऊन सांगेन. आताच्या प्रिन्सिपॉलांना घंटेआधी सांगतो, की पाहिलं आणि थांबवलं नाही. मग ते निरोप-समारंभ करोत, न करोत." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ती लग्नाची ओळ परत म्हण जरा."

तपनने ती म्हटली.  मग त्याने ताटातला नारळ उचलून दोन्ही हातांनी सरांपुढे धरला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. हात पुढे केला नाही. गवतावर पाय पसरून ऐसपैस बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही फोडा," ते म्हणाले. "मी बघतो."