जोडावरची रेघ

कारखान्यात मला सगळे 'नापास' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नापास. तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली आणि हातात आलेली वस्तू बरी निघाली की मला उलट फसवल्यासारखं वाटायचं. निवृत्त झालो, कारखाना सुटला, सवय सुटली नाही. बायको म्हणते, जावई घरी आला की तुम्ही त्याच्याकडे मापात बसतोय का अशा नजरेने बघता. बघतो. त्यात माझं काय चुकलं?

माझा मोठा भाऊ, अण्णा, जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची मोटरसायकल तेव्हापासून वहिनींच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. लग्नाआधी घेतलेलं ते काळं, जडशीळ धूड. ज्या कंपनीने ती काढली, ती बंद पडूनही जमाना लोटला होता. एके सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि किल्ली हातावर ठेवली.

"भाऊजी, ही चालू करून आणा. मला एकदा मागे बसायचंय. तुम्ही चालवा. पण इंजिन हेच हवं. वरून रंग कुठलाही मारा, आत यांचंच राहू दे."

"माझ्यावर सोडा वहिनी," मी म्हणालो. "इंजिनाची पेटी बदलली जाणार नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघेन."

त्या दीड वर्षात वहिनींनी कुणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. हे एकच मागितलं, तेही माझ्याकडे. म्हणून मी ते फार मनावर घेतलं.

या बनावटीच्या जुन्या गाड्यांचं काम करणारं एकच वर्कशॉप होतं, दोघा भावांचं. थोरल्याला सगळे उस्ताद म्हणत. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं, काउंटरवर तोच बसायचा. धाकटा आत असायचा. इंजिनाचं सगळं काम त्याच्या हाती. गिऱ्हाइकाने काउंटरच्या आत यायचं नाही, असा नियम. आतल्या दाराला अर्धी काच होती आणि त्या काचेतून अण्णाच्या गाडीसारख्याच आणखी तीन गाड्या दिसत होत्या. तिन्ही उघड्या, भाग ट्रेमध्ये मांडलेले. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. चार गाड्या एका जातीच्या, भाग एकसारखे, आणि गिऱ्हाइकाला आत मज्जाव. यापेक्षा सोयीची व्यवस्था कोण शोधून काढणार?

"आमचा भाग दुसऱ्या गाडीला लागणार नाही ना?" मी विचारलं.

"नाही लागणार," उस्ताद म्हणाला.

एवढंच. ना शपथ, ना राग. निर्दोष माणूस थोडा तरी चिडतो, असा माझा अनुभव. हा चिडलाच नाही.

पण मीही काही बेसावध गेलो नव्हतो. गाडी देण्याआधीच मी इंजिनाच्या पेटीला खालच्या बाजूने, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, टोच्याने एक बारीक खूण करून ठेवली होती. इंजिनाची पेटी म्हणजे दोन अर्धे, एकमेकांवर बसवून बोल्टांनी आवळलेले. दोन्ही अर्ध्यांवर एकेक खूण. तिसऱ्या फेरीला उस्तादाने तेच दोन अर्धे काउंटरवर आणून दाखवले, नवे असल्यासारखे स्वच्छ. मी चष्मा पुसण्याचं निमित्त करून वाकलो. खूण नव्हती. दोन्हीकडे नव्हती.

"वाळूच्या फवाऱ्याने साफ केलंय," उस्ताद म्हणाला. "वरचं सगळं निघून जातं."

सगळं निघून जातं! किती सोयीचं. नंबर मात्र तोच होता, मी खिशातल्या कागदाशी ताडून बघितला. पण नंबर काय, ठोकताही येतो. त्या दिवशी मी जेवलो नाही धड. वहिनींना दिलेला शब्द आणि तो गोरागोमटा धुतलेला धातू, दोन्ही डोळ्यांसमोरून हलेनात.

चार दिवसांनी भर दुपारी पुन्हा गेलो. उस्ताद बाहेर गेला होता. धाकटा डबा उघडून बसला होता. मला बघून त्याने आतलं दार उघडलं, स्वतःचं स्टूल पुसून दिलं.

"बसा काका. तुमचंच टेबलावर आहे. दादाला सांगू नका, तो ओरडेल. मी हात धुऊन, दोन घास खाऊन येतो."

तो मागच्या मोरीकडे गेला. टेबलावर पेटीचे दोन्ही अर्धे उताणे पडले होते. जिथे अर्धा अर्ध्यावर बसतो, ती सपाट तोंडं वर होती, घासून आरशासारखी केलेली. मी विचार केला, बाहेरची खूण फवारा खातो, इथली कोण खाणार? खिशातून टोचा काढला आणि दोन्ही तोंडांवर, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, एकेक रेघ ओढली. जोर देऊन ओढली. रेघ सरळ आली.

अशा तोंडावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी ती वस्तू बाद करणारा माणूस मी. चौतीस वर्षं केलं ते. त्या क्षणी ते डोक्यात आलंच नाही. मला फक्त खूण दिसत होती आणि उद्या पकडला जाणारा चोर दिसत होता.

धाकट्याने चहा आणला. मी प्यायलो, त्याचे आभार मानले आणि घरी येऊन शांत झोपलो.

पुढचा महिनाभर गाडी "होतेय" एवढंच कळत राहिलं. इंजिन जोडलं, चालू केलं, तेल पाझरायला लागलं. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं, पुन्हा पाझर. सगळीकडे अशा जोडावर चिकट गोंद चोपडून मोकळे होतात. या भावांकडे ते चालत नसे. धातूवर धातू बसला पाहिजे, मधे काही नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. आमचं इंजिन असतं तर पाझरलं असतं कशाला? हे दुसऱ्याचंच असणार. वहिनींचा फोन आला की मी म्हणायचो, "मी आहे ना."

मग एकदा उस्तादाचाच फोन आला. "साहेब, जरा येऊन जा."

उस्तादाने पहिल्यांदाच मला स्वतःहून काउंटरच्या आत नेलं. धाकटा टेबलापाशी उभा होता. दिवा खाली ओढलेला होता.

"ही पेटी गेली," उस्ताद म्हणाला. "दुसरी घालावी लागेल. आमच्याकडून घालून देतो."

"मला माहीत होतं!" मी जवळजवळ ओरडलोच. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्ही इथवर येणार!"

"बघा तर खरं," तो म्हणाला आणि एक अर्धा दिव्याखाली तिरका धरला.

रेघ. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, सरळ. तेल तिच्यातून वाट काढून बाहेर आलेलं स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या अर्ध्यावर तशीच दुसरी. म्हणजे मी रेघ ओढली तीच ही पेटी, आणि नंबर तर आधीच जुळला होता. पेटी अण्णाचीच होती, कुणीही बदलली नव्हती.

उस्ताद माझ्याकडे बघतच नव्हता. तो भावाकडे वळला.

"या तोंडाला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागतो?"

"नाही लागत."

"मग? पाना निसटला? घासताना खडा आला मधे? बोल की."

धाकट्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग भावाकडे. "तुला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? दिसतंय मला. दोनदा खोललंस, दोनदा काही बोलला नाहीस. झाकत होतास." उस्तादाचा आवाज चढला नाही, तोच खालचा सूर. "उद्यापासून इंजिनाला हात लावू नकोस."

मी मूग गिळून बसलो असतो तर माझं काहीच बिघडलं नसतं. दुसरी पेटी फुकटात बसली असती, वहिनींना कळलं नसतं, आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. हे सगळं मी तिथे उभा राहून, एका दमात, नीट हिशेबाने बघितलं. मला स्वतःची लाज वाटली. हजारो वस्तू बाद केल्या असतील मी, पण चांगली आहे हे माहीत असताना एकही केली नव्हती.

"ती रेघ माझी आहे," मी म्हणालो.

सांगितलं सगळं. टोचा, खूण, फवारा, जेवणाची सुट्टी. उस्तादाने चष्मा काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

धाकटा माझ्यावर रागावला नाही. "अहो काका," तो म्हणाला, "विचारलं असतंत तर कुठे करायची ते मीच दाखवलं असतं."

"तुला माहीत होतं?" उस्तादाने त्याला विचारलं.

"मीच त्यांना इथे बसवलं होतं. पाझर सुरू झाला तेव्हा नाही कळलं, आज सकाळी दिव्याखाली रेघ दिसली आणि कळलं. तुला हाक मारली ती सांगायलाच. पण तू आलास, बघितलंस आणि फोन उचललास. म्हटलं थांबू. दादा आधी विचारतो का ते बघू."

"अरे, मी विचारलंच की."

"तू विचारलं नाहीस, दादा."

त्याने ॲप्रन सोडला, घडी करून टेबलावर ठेवला. "यांची माझी ओळख चार महिन्यांची. यांनी संशय घेतला, घेतला. तू बावीस वर्षं माझ्याबरोबर काम करतोयस." एवढं बोलून तो निघून गेला. उस्ताद जागचा हलला नाही. त्याला हाक मारायची होती, हे मला शेजारी उभं राहून कळत होतं. त्याने मारली नाही.

आठवडाभर धाकटा कामावर आला नाही. मग उस्तादाने दोन्ही अर्धे फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. "वाचवता आले तर त्यालाच येतील," म्हणाला. पत्ता कागदावर लिहून दिला.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मी वाटेत माफीची तीन-चार वाक्यं जुळवली होती. त्याने दार उघडलं, माझ्या काखेतलं बोचकं बघितलं आणि म्हणाला, "आणलंत? या."

जेवणाच्या टेबलावर त्याने जाड काच टाकली, त्यावर घासायची पेस्ट पसरली, अर्धा पालथा घातला आणि माझे दोन्ही हात त्यावर ठेवले.

"दाबायचं नाही. त्याच्याच वजनाने फिरू द्या. इंग्रजी आठचा आकडा काढायचा."

सहा दिवस, रोज दुपारी, मी आठचे आकडे काढले. खांदे भरून यायचे. तो मधूनमधून निळा रंग लावून बघायचा, कुठे टेकतंय, कुठे नाही, आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवायचा. रेघ रोज थोडी पुसट होत होती. सहाव्या दिवशी शोधूनही सापडली नाही. त्याने पोलादी पट्टी माझ्या हातात दिली. मी ती तोंडावर उभी धरून उजेडात बघितलं. पट्टीखालून कुठेच उजेड येत नव्हता.

"तुम्ही तपासणारे ना? सांगा."

"पास," मी म्हणालो. पट्टी त्याला परत दिली.

आतले बाकीचे भाग मी वर्कशॉपमधून आणून दिले, आणि इंजिन त्याने तिथेच, त्याच टेबलावर जोडून दिलं. मी हळूच विचारलं, "वर्कशॉपमध्ये कधीपासून?" त्याने पेस्टच्या डबीचं झाकण लावलं.

"चहा घेणार का, काका?"

इंजिन गाडीत बसवलं ते उस्तादाने, एकट्याने. त्या दिवशी वहिनींना मी वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. तोवर त्यांना काही सांगितलं नव्हतं, तिथे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचं हे असलं," एवढंच म्हणाल्या आणि इंजिनावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी किक मारली. तिसऱ्या किकला ते चालू झालं, अण्णा असताना रोज सकाळी दारात व्हायचं तसं, आधी दोनदा ठसकून. वहिनींनी हात काढला नाही. त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

उस्ताद गुडघ्यांवर बसून, जोडावरून बोट फिरवून उठला. बोट कोरडं होतं. तो ते बघत राहिला.

"हे वाचवलं कुणी म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या भावाने," उस्ताद म्हणाला.

"मग बोलवा की त्यांना. ते आल्याशिवाय मी बसणार नाही."

उस्ताद माझ्याकडे वळला. "तुम्ही लावा फोन, साहेब. माझा उचलत नाही तो."

मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला काका," तो म्हणाला. उस्ताद माझ्या इतक्या जवळ उभा होता की ते त्यालाही ऐकू गेलं.