असेकेन्ये आक्काच्या बोटांच्या रेघा

त्या दिवशी चिंचेखाली मडक्याभोवती आम्ही सात जण बसलो होतो. सातांच्या सात लांब नळ्या मडक्यात होत्या, पण नाचणीची दारू कुणी ओढत नव्हतं. रेडिओवर बातमी लागली होती आणि त्या बातमीवरून ओक्वालिंगा गुरुजी आणि एक्वारू यांची जुंपली होती.

बातमी अशी की, इथून पुढं सरकारी ओळखकार्डाशिवाय दवाखान्यात ऑपरेशन नाही, फोनचं सिम नाही, सरकारी बियाणं नाही. नुसतं कार्ड दाखवूनही भागणार नाही, मशीनवर बोट ठेवून जुळवावं लागणार.

"उत्तम झालं," गुरुजी म्हणाले. तीस वर्षं शाळेचे हेडमास्तर होते. रिटायर झाले तरी आमच्याशी अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोलायचे. "शिस्त लागेल. सीमेपलीकडून माणसं येतात आणि आपल्या दवाखान्यातल्या गोळ्या खाऊन जातात."

"सीमेपलीकडं तुमची सख्खी भन दिलीया," एक्वारू म्हणाला. "तीच येती गोळ्या न्यायला. गुडघ्याच्या."

हा एक्वारू रानातली मधाची पोळी झाडून मध विकायचा. त्याचं कार्ड दोनदा गेलं होतं, एकदा दलदलीत पडून आणि एकदा शेळीनं चावून.

"ती आपली आहे," गुरुजी म्हणाले. "मी बोगस लोकांबद्दल बोलतोय."

"आन बोगस कोन ते कुनी ठरवायचं?"

"मशीन ठरवेल. मशीनला भाऊबंदकी नसते."

आमच्यातले चार जण गुरुजींच्या बाजूचे होते. खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्यातलाच. माझं कार्ड माझ्या खिशात होतं, आणि खिशात कार्ड असलं की नियम कितीही कडक झाला तरी बरा वाटतो.

एवढ्यात असेकेन्ये आक्का उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली. मडक्यातलं पाणी ओढून संपलं की वरून गरम पाणी घालायचं, ही आमची रीत. चाळीस वर्षं आक्काच दारू घालत होती आणि आक्काच पाणी ओतत होती. पण चार वर्षांत तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. तिनं अंदाजानं किटली वाकवली आणि धार गुरुजींच्या पायावर सोडली.

गुरुजी बैठकीवरून उडाले ते थेट चिंचेच्या बुंध्याला टेकले.

"आक्का, तो पाय आहे."

"मंग मडक्याजवळ कशापायी ठिवलास?" आक्का म्हणाली. तिनं गुरुजींना लहानपणी कडेवर वागवलं होतं, त्यामुळं साऱ्या गावात त्यांना अरेतुरे करणारी ती एकटीच. "आता थोडंच दिस ऱ्हायलं. म्हैन्याभरानं मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचं शिबीर हाय. मोतीबिंदू काढनार हायेत. मंग बघ कशी बराबर वतते."

"कार्ड हाय का आक्के?" एक्वारूनं विचारलं.

"कसलं कार्ड?"

सगळे गुरुजींकडं बघायला लागले. गुरुजी पायावर फुंकर घालत म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे. मी स्वतः येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी आक्काला सायकलच्या कॅरियरवर बसवलं. गुरुजी त्यांच्या सायकलवरून पुढं. तांबड्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना शेंगदाण्याची वावरं, आणि आक्का मागं बसून नुसत्या वासावरून सांगत होती, "हितं खुरपनी झाल्याली न्हाई. कुनाचं हाय रं हे वावर?" माझंच होतं. मी पायडल जोरात मारलं.

कचेरीत मशीनवर एक पोरगी बसली होती. गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिनं आक्काचं एकेक बोट काचेवर दाबलं. प्रत्येक बोटाला मशीननं तांबडा दिवा दाखवला. तिनं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, मग लिंबू चोळलं, मग स्वतःच्या पर्समधलं मलम लावलं. दहाच्या दहा बोटांना तांबडा दिवा.

"काय हुडकतंय गं ते?" आक्कानं विचारलं.

"आजी, बोटांवर रेघा असतात. त्या सापडत नाहीत."

"कशा सापडतील? पाट्यावर नाचनी रगडून रगडून गेल्या. ऱ्हायल्याल्या तव्यावर भाजल्या."

गुरुजी पुढं झाले. "अगं, मी हिला साठ वर्षं ओळखतो. लिहून देतो, सही करतो."

"गुरुजी, मागच्या महिन्यात इथल्या सभेत तुम्हीच म्हणालात, एकालाही सूट देऊ नका," पोरगी खाली मान घालून म्हणाली. "साहेबांनी ते लिहून भिंतीला लावलंय."

खरंच लावलं होतं. खाली गुरुजींचं नावही होतं. गुरुजींनी ते वाचलं आणि एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली.

पोरगी मनानं चांगली. ती म्हणाली, "एक उपाय आहे. तीन आठवडे हाताला काहीच काम द्यायचं नाही. रोज तेल चोळायचं. रेघा परत वर येतात. मग या."

"तीन आठवडं काम न्हाई?" आक्का म्हणाली. "मेल्यावर आलं तर चालंल का?"

आणि मग ते तीन आठवडे सुरू झाले. मी दोन दुष्काळ बघितलेत आणि गुरं पळवणाऱ्यांच्या टोळ्या बघितल्यात, पण एका म्हातारीला रिकामं बसवण्याइतकं अवघड काम मी बघितलेलं नाही.

पहिल्या दिवशी आक्काच्या सुनेनं, आपेडूनं, तिच्या हाताला तिळाचं तेल चोळलं आणि गुरुजींनी चर्चला जाताना पायात घालायचे आपले पांढरे मोजे आणून हातांवर चढवले. वरून दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दातांनी शेंगा फोडताना सापडली. तिसऱ्या दिवशी कोपरानं अंगण झाडत होती. चौथ्या दिवशी आपेडू माझ्या दारात रडत आली.

"काका, मला न्हाई जमत. पाठ फिरवली की मोजे काढून रताळी चिरती. बोलाय गेलं की म्हनती, सून आल्यापासनं हात बांधले माझं."

मग आम्ही पाळी लावली. सात जणांनी सात वार वाटून घेतले. माझा गुरुवार. दिवसभर तिच्यासमोर बसायचं आणि तिच्या हातांवर नजर ठेवायची. ती मला मोज्यानं खुणा करून माझ्याच घरची उणीदुणी सांगायची. बायको मीठ जास्त टाकते, बैल लंगडतोय, छपराला भोक आहे. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी तिला सगळं ठाऊक होतं.

आठवडाभरानं खरी पंचाईत झाली. आक्कानं आधी घातलेली दारू संपली.

शेजारच्या गावात एक बाई घालायची, तिच्याकडं आम्ही जाऊन बघितलं. ती दारू प्यायल्यावर गुरुजी दोन दिवस रानातून घरी आले नाहीत, म्हणजे येत आणि परत जात. तिसऱ्या दिवशी चिंचेखाली सात माणसं रिकाम्या मडक्याभोवती बसली आणि मडक्यात बघत राहिली.

"मोड आल्याली नाचनी घरात हाय," आक्का स्टुलावरून म्हणाली. "पाटा हाय. वरवंटा हाय. तुम्हास्नी हात हायेत, आन त्यास्नी मोजे न्हाईत."

आमच्या तेसो मुलखात पाट्याला पुरुषानं हात लावलेला माझ्या बापानं बघितला नव्हता. गिरणीत न्यावं म्हटलं तर आक्का म्हणाली, गिरणीच्या पिठाला डिझेलचा वास लागतो, असली दारू तिच्या मडक्यात घालायची नाही. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. शेवटी गुरुजींनी सदरा काढून चिंचेच्या फांदीला अडकवला आणि पाट्यापुढं गुडघे टेकले.

"मास्तरा, दाना मोडायचाय," आक्का आवाजावरूनच म्हणाली. "त्याला पाढे शिकवू नगंस. अंगानं रगड."

गुरुजी अंगानं रगडायला लागले. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. एकीनं डोक्यावरची घागर खाली ठेवली, इतकं निवांत बघायचं होतं तिला. दुसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या आणि त्यांनी पोरींनाही आणलं.

आम्ही आळीपाळीनं रगडलं, पण गुरुजी उठायचेच नाहीत. मला वाटतं, त्या भिंतीवरच्या कागदाची त्यांना मनातून टोचणी लागली होती. तळहाताला, बोटांना फोड आले, फुटले, परत आले. पीठ आंबवलं, खड्ड्यात पुरलं, पाच दिवसांनी काढून मोठ्या तव्यावर भाजलं. भाजताना एक्वारूचा अंदाज चुकला आणि अर्धं करपलं. आक्कानं वास घेतला आणि विचारलं, "कुनाचं घर पेटलंय?"

तरी दारू झाली. कडू होती. सातही जणांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत ओढली आणि कुणीही तिला नावं ठेवली नाहीत.

"गुरुजी," एक्वारू म्हणाला, "आता कसं वाटतंय मशीनबद्दल?"

गुरुजी नळी तोंडातून न काढता म्हणाले, "नियम बरोबर आहे. फक्त ज्यानं तो केला त्यानं कधी दळलेलं नाही."

तीन आठवडे भरले. परत कचेरी. पोरीनं मोजे सोडले, बोटं पुसली आणि काचेवर ठेवली. पहिला तांबडा. दुसरा तांबडा. तिसऱ्या बोटाला हिरवा लागला, आणि मी व गुरुजी एकमेकांचे हात धरून उभे होतो हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. दहापैकी सहा बोटं लागली. पोरगी म्हणाली, भागतं. सही-शिक्क्याची पावती शिबिराला चालेल, कार्ड मागून येईल.

"जन्मसाल?" तिनं विचारलं.

"हा मास्तर जन्मला तवा मला दोन दात पडल्याले हुते," आक्का म्हणाली. पोरीनं गुरुजींच्या सालातून सात वजा केले.

"गुरुजी, आलाच आहात तर तुमचंही बघते," ती म्हणाली. "आपल्या गावाची कार्डं सगळी एकाच उन्हाळ्यात निघालेली, यंदा सगळ्यांची मुदत संपतेय. नवं काढावं लागेल. ठेवा बोट."

गुरुजींनी मोठ्या रुबाबात बोट ठेवलं. तांबडा दिवा लागला. दुसरं ठेवलं. तांबडा. दहाही बोटांवर फोडांची कातडी लोंबत होती, मशीन काय वाचणार. पोरीनं तोंडावर हात धरला. आक्कानं आवाज ऐकला, काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग तिनं तेलकट मोज्यांची जोडी चाचपडून उचलली आणि गुरुजींच्या हातात दिली.

शिबीर पार पडलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती होतो. आक्कानं एकेकाला नीट बघितलं.

"चार वर्सांत काय केलंत रं स्वतःचं?" ती म्हणाली. "सगळी म्हातारी झालाय की."

मग तिनं आपले हात समोर धरले. मऊ पडले होते, नखं वाढली होती. तिनं ते उलटेसुलटे करून बघितले आणि तिला काही ते आवडले नाहीत. घरी आल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही, थेट पाट्यावर बसली. डॉक्टरनं वाकायला मनाई केली होती. आपेडू ओरडली, मी ओरडलो. ती ताठ बसून रगडत राहिली.

दोन महिन्यांनी जिल्ह्याहून एक साहेब मोटरसायकलवरून आला. कार्डाचे नियम आणखी कडक करायचे होते आणि त्याआधी लोकांचं मत विचारायचं होतं. सगळा गाव चिंचेखाली जमला. गुरुजी सर्वांत पुढं. त्यांनी चार पानांचं मत लिहून आणलं होतं, आणि ते पूर्वीच्या मतापेक्षा फार वेगळं होतं, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

"मत फक्त कार्डवाल्यांचं घ्यायचंय," साहेब म्हणाला. "कार्ड दाखवा आणि सांगा."

गुरुजींनी कार्ड काढलं. मुदत संपलेली. मी काढलं. तीच गत. साऱ्या गावाची तीच गत, नव्यासाठी अर्ज केले होते ती कार्डं अजून आलीच नव्हती, आणि आधीच नवी मिळालेली पोरं राजधानीत, कंपालाला कामावर. साहेबानं घाम पुसला.

तेव्हा आक्कानं कमरेच्या फडक्यातून नवंकोरं कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं.

"चला, एक तरी सापडलं," साहेब म्हणाला. "आजी, नियम आणखी कडक करावेत का? हो किंवा नाही. बोला आणि इथं अंगठा द्या."

सगळा गाव एकदम बोलायला लागला. गुरुजी चार पानं तिच्या कानाशी नेऊन वाचायला लागले. एक्वारू म्हणाला, न्हाई म्हन आक्के. आपेडू म्हणाली, एक्वारूचं कार्ड शेळीनं चावलं ते सांगा. आक्कानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

साहेब वाकून बघायला लागला. त्यानं दुसरा कागद काढला. परत दाबला. मग तिसरा.

"आजी, रेघ एकही उठत नाही. नुसताच काळा डाग पडतोय."

"तोच न्या," आक्का म्हणाली. "हेच मत हाय माझं."

साहेबानं तो कागद वाऱ्यावर धरून वाळवला. कागदावर 'हो'चा एक चौकोन होता आणि 'नाही'चा एक. डाग एवढा मोठा होता की दोन्ही चौकोन त्याच्याखाली गेले होते.